लाँच झाल्यावर काय?

कुठल्याही डिजिटल एजन्सीच्या साइटवर पोर्टफोलिओचं पान उघडा, सगळीकडे तेच दिसणार. लॅपटॉपच्या चित्रात बसवलेलं होमपेज, शेजारी मोबाइलच्या चित्रात तेच होमपेज, खाली क्लायंटचं नाव आणि वर्ष. आमचंही पान तसंच आहे आणि ते मीच केलंय, त्यामुळे हा टोमणा आधी मलाच. पण हल्ली मला त्या चित्रांखालच्या लिंकवर क्लिक करून बघायची खोड लागलीय, आमच्याही आणि दुसऱ्यांच्याही. कुठे साइट उघडतच नाही, कुठे ब्राउझर कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून अडवतो, कुठे फूटरमधलं वर्ष अडकून बसलंय, आणि बातम्यांच्या विभागात पहिली आणि शेवटची बातमी एकच, "आमची नवीन वेबसाइट सुरू झाली".

माझं म्हणणं साधं आहे. छोट्या एजन्सीचं पोट लाँचनंतरच्या कामावर चालतं आणि आपण मात्र (आपण म्हणजे माझ्यासारखे सात-आठ जणांच्या टीममध्ये राबणारे) सगळा जीव लाँचवर टाकतो. कोटेशन लाँचचं, डेडलाइन लाँचची, ताण लाँचचा, सोशल मीडियावर पोस्ट लाँचची. नंतरचं काम कोटेशनच्या शेवटच्या पानावर एका ओळीत, "वार्षिक मेंटेनन्स, ऐच्छिक". ऐच्छिक लिहिल्यावर कोण कशाला घेईल? क्लायंट घासाघीस करायला बसला की पहिली काट त्याच ओळीवर, आणि समोर आपणही मान डोलावतो कारण काम हातचं जायला नको असतं.

लाँचचा दिवस भारी असतो हे मान्य, मलाही आवडतो. आदल्या दिवशी डीएनएसचा (साइटचं नाव टाकल्यावर कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा म्हणजे उद्या काही बिघडलं तर पटकन मागे फिरता येतं, जुन्या साइटच्या सगळ्या लिंकची यादी काढून ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्यावर पाठवणारे) लावायचे, फॉर्म भरून बघायचे, पेमेंट टेस्ट मोडमधून खऱ्या मोडवर न्यायचं. आणि साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर केलेली असेल तर रीडिंग सेटिंगमधली ती एक टिक काढायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, साइट बनत असताना गूगलने ती उचलू नये म्हणून सर्च इंजिनांना लांब ठेवणारा एक चौकोन टिक करतात, आणि साइट लाइव्ह गेल्यावर तो तसाच राहिला तर सगळं सुंदर दिसतं, क्लायंट खूश, फक्त सर्चमध्ये साइट नावालाही येत नाही आणि महिना-दोन महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. या धंद्यातला हा बहुतेक सगळ्यात स्वस्तात होणारा सगळ्यात महाग घोळ असेल. आणि शुक्रवारी संध्याकाळी लाँच करायचं नाही, हा नियम आमच्याकडे कुणी लिहून ठेवलेला नाही पण मोडायची कुणाची हिंमतही नाही.

तर लाँच झाला. पोस्ट टाकली, लोकांनी अभिनंदन केलं, टीम पुढच्या कामाला लागली.

आणि मग काही महिन्यांनी फोन येतो. "अहो, साइट बंद पडलीय. आम्ही तर काही हातही लावला नाही." मला या वाक्याचं फार वाटतं, कारण माणूस खरंच प्रामाणिकपणे बोलत असतो. हात लावला नाही म्हणजे बिघडायचं काही कारण नाही, हा हिशोब टेबल-खुर्चीला लागू पडतो, साइटला पडत नाही. साइट जागच्या जागी असते पण तिच्या खालचं सगळं सरकत असतं. साइट ज्या भाषेत चालते त्या पीएचपीच्या ७.४ व्हर्जनचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, आता होस्टिंग कंपनी (जिच्या सर्व्हरवर साइट असते ती) किती दिवस जुनं व्हर्जन ठेवणार, एक दिवस मेल पाठवते की अमुक तारखेपासून आम्ही वरचं व्हर्जन लावतोय, तो मेल जातो क्लायंटच्या अशा पत्त्यावर जो आता कुणी उघडत नाही, आणि त्या तारखेला जुन्या थीममधलं एक फंक्शन अडकून साइट पांढरीफटक. चूक कुणाची? तसं म्हटलं तर कुणाचीच नाही. आणि फोन मात्र आम्हालाच येतो.

अॅनालिटिक्सचंही, म्हणजे साइटवर किती लोक येतात ते मोजणाऱ्या साधनाचंही, तेच. गूगलने युनिव्हर्सल अॅनालिटिक्समध्ये नवीन डेटा घेणं १ जुलै २०२३ पासून थांबवायला सुरुवात केली, आधी वर्षभर सांगत होते. ज्यांची देखभाल कुणीतरी बघत होतं त्यांचं त्याच्या जागी आलेलं जीए४ आधीच लागलेलं होतं, बाकीच्यांचा आलेख सरळ शून्यावर आला. बरं तो जुना डेटा तरी राहिला का, तर तोही नाही, जुलै २०२४ पासून तोही बघता येईनासा झाला, ज्यांनी वेळेत काढून ठेवला त्यांचा वाचला. नंतर विचारणारे भेटले मला, "आमचे मागच्या पाच वर्षांचे आकडे जरा काढून द्या ना". कुठून काढू?

ईमेल म्हणाल तर फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल जात असतील तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच नावाच्या मालकाकडून आलाय हे पटवणाऱ्या तपासण्या) तिन्ही नीट हवेत, प्रमोशनच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब हवं. छोट्या क्लायंटला वाटतं आपल्याला काय करायचंय, आपण कुठे एवढे मेल पाठवतो. पण कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ नाहीतर डीकेआयएम यातलं काहीतरी लागतंच, आणि त्यांच्या साइटवरचा "संपर्क करा" फॉर्म त्यांच्याच डोमेनच्या (साइटच्या पत्त्याच्या) नावाने मेल पाठवत असतो, सर्व्हरला ती परवानगी कुठे नोंदवलेलीच नसते, आणि मेल थेट स्पॅममध्ये. साइट बंद पडली तर निदान कुणीतरी फोन तरी करतं. फॉर्म मेला तर कुणाला कळतच नाही, भरणाऱ्याला "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू" दिसतं आणि तो वाट बघून दुसरीकडे जातो. क्लायंटला वाटतं मार्केट थंड आहे. मी तर म्हणतो मेंटेनन्समध्ये एकच गोष्ट करायची मुभा असेल तर महिन्यातून एकदा स्वतः फॉर्म भरून बघा, बाकी सगळं नंतर.

कनेक्शन सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या सर्टिफिकेटचं प्रकरण पुढे अजून वाढणार आहे. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट आधीपासूनच ९० दिवसांचं, ते आपोआप रिन्यू होतं म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि मग कुणीतरी डीएनएस दुसरीकडे हलवतं आणि ते "आपोआप" गुपचूप बंद पडतं. विकतची सर्टिफिकेटं वर्षभर चालायची, पण २०२५ मध्ये ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या फोरमने मतदान करून ठरवलं की मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायची, मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ ला १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे वर्षातून एकदा कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून हाताने सर्टिफिकेट चढवणारे जे आहेत त्यांचं काय होणार हे सांगायला नको. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. फक्त "ऐच्छिक" शब्द आता तरी कोटेशनमधून काढा.

डोमेनबद्दल बोललो नाही तर हे सगळं अर्धवट राहील. नवीन क्लायंट आला की पहिल्या मीटिंगमध्ये रंग, लोगो, "अमुक कंपनीसारखी साइट हवी" हे सगळं चालू असताना मी एकच विचारतो, डोमेन कुणाच्या नावावर आहे? आणि मग खोलीत जी शांतता पसरते ती बघण्यासारखी असते. जुन्या एजन्सीच्या नावावर, सोडून गेलेल्या मार्केटिंग मॅनेजरच्या खासगी मेलवर, मालकांच्या भाच्याच्या अकाउंटवर जो आता परदेशात आहे. सगळं सुरळीत आहे तोवर ठीक, पण रिन्यूअलचा मेल त्या भाच्याला जातो आणि तो तो वाचत नाही. डॉट कॉमसारखं डोमेन मुदत संपली म्हणून लगेच जात नाही, रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) थोडे दिवस सांभाळतो, मग डिलीट झालं तरी ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो, त्यात जादा पैसे भरून परत मिळतं, त्यानंतर ५ दिवसांनी ते खुलं आणि टपून बसलेले असतातच. पण साइट आणि मेल बऱ्याचदा मुदत संपल्याबरोबरच बंद होतात, तेवढ्यात धंद्याचं व्हायचं ते होऊन जातं.

आणि हे फक्त छोट्यांचंच होतं असं कुणी समजू नये. डिसेंबर १९९९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायचं राहून गेलं होतं. हॉटमेलचं लॉगिन त्यावरून जायचं, ऐन ख्रिसमसच्या सुट्टीत लोकांना स्वतःचे मेल उघडता येईनात, शेवटी बाहेरच्याच एका लिनक्सवाल्या प्रोग्रॅमरने कारण शोधून स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरले आणि गाडी सुरू झाली. एवढी माणसं, एवढे पैसे, आणि तरी रिन्यू करणं नेमकं कुणाचं काम हे ठरलेलं नव्हतं, किंवा ठरलेलं असून कुणी केलं नाही, परिणाम तोच.

आता आतली गोष्ट. मोठ्या एजन्सीत सपोर्टची वेगळी टीम असते, तिकीट काढा, रांगेत थांबा. आमच्याकडे तिकीट म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो, तोही मॉनिटरचा मोबाइलने काढलेला, खाली "हे असं का दिसतंय". ज्याने ती साइट केली तो डेव्हलपर आज दुसऱ्या प्रोजेक्टच्या मधोमध आहे, डोक्यात कोड जुळवून बसलाय, आणि त्याला उठवून सांगायचं की दोन वर्षांपूर्वीच्या साइटवर फोन नंबर बदलायचाय. काम पाच मिनिटांचं. पण जुना प्रोजेक्ट उघडायचा, पासवर्ड शोधायचा, बॅकअप घ्यायचा, बदल करायचा, कॅश (पानांची साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करायची, क्लायंटला कळवायचं, तो म्हणणार मला तर जुनाच दिसतोय, मग त्याला त्याच्या ब्राउझरची कॅश साफ करायला शिकवायचं, आणि मग परत आपल्या कामावर येऊन आपण कुठे होतो ते आठवायचं. टाइमशीटमध्ये याची नोंद "१५ मिनिटं, किरकोळ". सकाळ गेली ती गेलीच.

म्हणून "एवढं छोटंसं करून द्या ना" या वाक्याला मी घाबरतो. कुणी वाईट हेतूने म्हणत नाही, त्यांना खरंच ते छोटं दिसतं. पण अशी छोटी कामं फुकटात करत राहिलं की दोन गोष्टी होतात. एक तर क्लायंटला वाटतं याची किंमत शून्यच असते. आणि दुसरं म्हणजे टीममध्ये जो माणूस सगळ्यात चांगला, सगळ्यात पटकन उत्तर देणारा, त्याच्याच वाट्याला ही सगळी कामं येतात, त्याच्या नावावर नवीन काही दाखवायला राहत नाही आणि पगारवाढीच्या वेळी त्यालाच विचारलं जातं की वर्षभरात तू नेमकं काय केलंस. चांगली माणसं अशी सोडून जातात हे मी बघितलंय. छोट्या टीममध्ये असा एक जण गेला की निम्म्या क्लायंटची माहिती त्याच्याबरोबर दाराबाहेर जाते.

आमच्याकडे आता आठवड्यातले दोन अर्धे दिवस फक्त जुन्या साइटसाठी ठेवलेत आणि पाळीपाळीने सगळे बसतात, डिझायनरसुद्धा. डिझायनरने सुरुवातीला तोंड वाकडं केलं, पण स्वतःच डिझाइन केलेल्या साइटवर क्लायंटने चार ओळींच्या जागी चाळीस ओळी टाकलेल्या बघितल्या तेव्हापासून तिच्या डिझाइनमध्ये फरक पडलाय, आता ती रिकाम्या जागेबरोबर खच्चून भरलेली जागासुद्धा डिझाइन करून दाखवते. फिकट राखाडी अक्षरांचा हट्टही तिने तिथेच सोडला, कारण लोक वाचता येत नाही म्हणून फोन करत होते. साध्या मजकुराला मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा हे अॅक्सेसिबिलिटीच्या नियमांत लिहिलेलं आहेच, ते मी किती वेळा म्हटलं होतं ते जाऊ द्या.

अजून एक, फॅशनचं. या धंद्यात दर वर्षी काहीतरी "आता हे केलं नाही तर संपलात" असं येतं. २०१५ मध्ये गूगलने एएमपी (मोबाइलवर झटकन उघडणारी पानं बनवायची पद्धत) आणलं, मोबाइलवर बातम्यांमध्ये वर दिसायचं तर एएमपी पाहिजेच म्हणून लोकांनी प्रत्येक पानाच्या दोन दोन आवृत्त्या केल्या, आणि २०२१ मध्ये ती अट गूगलनेच काढून टाकली, मग ती दुसरी आवृत्ती सांभाळायची की काढायची ही नवीन डोकेदुखी. कुकीजचं तर विचारूच नका, जानेवारी २०२० मध्ये गूगलवाले क्रोममधून थर्ड पार्टी कुकीज (साइट-साइटवर माणसाचा माग काढणाऱ्या) दोन वर्षांत घालवणार म्हणाले, मग पुढे ढकललं, मग परत ढकललं, आणि जुलै २०२४ मध्ये सरसकट काढण्याचा बेतच सोडून दिला. त्या चार वर्षांत "कुकीनंतरचं जग" यावर किती वेबिनार झाले असतील! उलट बाजूने, मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) रँकिंगसाठी वापरत नाही असं गूगलने २००९ मध्ये स्वच्छ सांगितलं, तरी आजही एखाद्या क्लायंटच्या एसइओच्या (सर्चमध्ये वर यायच्या कामांच्या) यादीत पहिला मुद्दा तोच असतो. छोट्या एजन्सीने फॅशनच्या एक पाऊल मागे राहावं असं माझं मत आहे, कारण आज उत्साहात लावलेली प्रत्येक गोष्ट उद्या कुणालातरी सांभाळायचीय, आणि तो कुणीतरी आपल्याच खोलीत बसलेला असतो.

एआयचंही याच नजरेने बघतो. कोड लिहायला आम्ही सगळेच वापरतो, खोटं कशाला बोला. दुपारभरात होमपेज उभं राहतं, क्लायंटही ते करून बघून येतात आणि विचारतात मग तुमचे पैसे निम्मे का नाही. मला तो प्रश्न रास्त वाटतो. बनवणं खरोखर स्वस्त झालंय, मग बनवण्याचे पैसे कमी व्हायलाच हवेत. पण बनवणं जितकं सोपं तितक्या साइट जास्त, आणि त्यातल्या कितीतरींचा कोड आत काय करतोय ते कुणीच वाचलेलं नसणार. लाँच विकणाऱ्यांनी घाबरावं, सांभाळणाऱ्यांना काम भरपूर आहे.

अडचण एकच, सांभाळण्याचं काम दाखवायचं कसं. महिन्याचा रिपोर्ट काय पाठवणार, "या महिन्यात काही झालं नाही"? तेच तर यश आहे, पण पैसे देणाऱ्याला ते वाचून वाटतं की मग पैसे कशाचे. म्हणून सगळे रिपोर्टमध्ये इम्प्रेशन, रीच, व्ह्यू असले फुगलेले आकडे भरतात. त्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही, २०१६ मध्ये फेसबुकने स्वतः कबूल केलं होतं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो तो आकडा ते जवळपास दोन वर्षं वाढवून दाखवत होते, कारण तीन सेकंदांच्या आत सोडून जाणाऱ्यांना हिशोबातच धरलं नव्हतं. त्या आकड्यांवर किती एजन्सींनी किती क्लायंटना व्हिडिओ विकले असतील. आम्ही आता रिपोर्ट एका पानाचा करतो. कुठले अपडेट लावले, बॅकअप परत चढवून बघितला का (नुसता घेतला म्हणून उपयोग नाही, चढवून बघायचा), फॉर्म कुठल्या तारखेला तपासला, डोमेन आणि सर्टिफिकेट कधी संपतंय. कंटाळवाणा असतो, पण एका क्लायंटच्या अकाउंटंटने तो वाचून सांगितलं की तुमच्याकडून येणाऱ्या कागदांपैकी समजतो असा हा एकच.

कोटेशनही उलटं केलंय. मेंटेनन्स पहिल्या पानावर, किमान पहिलं वर्ष बांधील, साइट बनवायचा खर्च त्यानंतर. काही लोक पहिल्या पानावरूनच परत जातात आणि ते जाताना बघून पोटात गोळा येतो, विशेषतः ज्या महिन्यात हाताशी काम कमी असतं. एकदोघं बाहेरून करून घेऊन परतही आले, पण सगळे येत नाहीत, येतील असं समजून कुणी हा मार्ग धरू नये.

आणि जे वर्षानंतर मेंटेनन्स नको म्हणतात त्यांना आम्ही एक फाइल देतो. डोमेन कुठे, होस्टिंग कुठे, कुठल्या तारखेला काय संपतं, कुठलं प्लगइन (साइटला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर) विकतचं आहे आणि त्याचं लायसन्स कुणाच्या नावावर, बॅकअप कुठून उतरवायचा. सगळी अकाउंट त्यांच्या स्वतःच्या मेलवर करून देतो, भाच्याच्या नाही. त्यांनी स्वतः लॉगिन करून बघितलं, चालतंय असा लेखी मेल आला, की मग आमच्या पासवर्ड मॅनेजरमधून त्यांचं फोल्डर काढून टाकतो.